मासळी तोंडाने सांगत नाहीत

कार्तिक सरला की खाडीच्या चिखलाचा वास बदलतो. पावसाळ्यात तो आंबूस असतो, भिजलेल्या पाचोळ्यासारखा. थंडीत तो कडक होतो, होडीच्या गंजलेल्या नांगराला नाक लावावं तसा. आमच्या खारी गावाच्या चारी बाजूंना आता इमारती आहेत. खाली बेकऱ्या, मोबाइलची दुकानं, मुलांचे क्लास. तरी एखाद्या सकाळी उत्तरेचा वारा सुटतो आणि तो वास गल्ल्यांमधून वाट काढत माझ्या ओट्यापर्यंत येतो. समोरच्या बिल्डिंगमधल्या भाभी खिडकी लावून घेतात. “क्या बदबू है, अंकल!” मी म्हणतो, “हां भाभी,” आणि वास नीट यावा म्हणून ओट्यावर थोडा पुढे सरकून बसतो.

या वर्षी वारा उशिरा आला. त्याच्या मागोमाग एक पोरगीही आली, पाठीला पिशवी आणि हातात मोबाइल. तिचं नंतर सांगतो. तिच्यामुळे मला तीस-बत्तीस वर्षांपूर्वीचा एक हिवाळा आठवला, आणि गेले आठ दिवस तोच नाकात बसलाय.

तेव्हा गावामागे मिठागरं होती. दुपारच्या उन्हात मिठाच्या राशी इतक्या पांढऱ्या दिसायच्या की डोळे बारीक करूनच तिकडे बघावं लागे. मिठागरांच्या पलीकडे तिवरांची हिरवी भिंत, आणि तिवरांमधून खाडीचा एक फाटा आत यायचा, गावाच्या पार मागच्या दारापर्यंत. चाळीस घरांच्या होड्या त्या फाट्यात बांधलेल्या. मोठ्या खाडीतली मासळी अंडी घालायला त्या फाट्यात शिरते, हे आमच्या आज्यापणज्यांना ठाऊक होतं, आम्हाला ठाऊक होतं. बाकी कुणाला ठाऊक असायचं कारण नव्हतं.

मीरा रोडच्या बाजूने तेव्हा इमारती उठत होत्या. रोज सकाळी बघावं तर काल जिथे आकाश होतं तिथे बांबूची परांची चढलेली. मग एक दिवस डंपर आमच्या बाजूला दिसले. मुरूम भरलेले दोन डंपर बांधावर उभे राहिले, फाट्याच्या तोंडाकडे तोंड करून, आणि तसेच परत गेले. गावात बोलणं सुरू झालं, फाट्याचं तोंड बुजवणार, वर प्लॉट पाडणार. म्हणजे होडी बांधायची कुठं, हा एक प्रश्न. आणि मासळी शिरणार कुठून, हा त्याच्याहून मोठा.

त्याच दिवसांत प्रज्ञा आली.

मी बांधावर जाळं शिवत बसलो होतो. चपला हातात, फाईल छातीशी, गुडघ्यापर्यंत चिखल, अशी एक तेवीस-चोवीस वर्षांची मुलगी समोर येऊन उभी राहिली.

“काका, थोडे प्रश्न विचारायचे होते.”

“कसले?”

“मासेमारीचे. विद्यापीठातून आलेय.”

“आडनाव काय तुझं?”

तिने सांगितलं. सांगून झाल्यावर माझ्याकडे बघत राहिली, मी पुन्हा जाळ्यात डोळे घालीपर्यंत. आज लिहिताना मला लाज वाटते असं म्हटलं तर वाचणाऱ्याला बरं वाटेल. पण तेव्हा मला त्यात विचारू नये असं काही वाटलं नव्हतं. तिचे वडील नांदेडकडून आलेले, एका बँकेत शिपाई. घर भाईंदर पूर्वेलाच, स्टेशनजवळ भाड्याने. आमच्या गावापासून चालत वीस मिनिटं. इतक्या जवळ राहून तिने खाडी पहिल्यांदा बघितली ती त्या दिवशी. मलाही तिची गल्ली ठाऊक नव्हती, म्हणजे फिटंफाट.

तिने फाईल उघडली. छापील फॉर्म होता. वर कोपऱ्यात तिने आकडा घातला, सतरा.

“हा काय?”

“तुमचा क्रमांक. नाव लिहायचं नसतं.”

“बरं.”

“रोज सरासरी किती मासळी मिळते?”

“कुठं काय,” मी म्हणालो. “पाणी भेटतंय.”

तिने लिहून घेतलं.

आता हे इथे समजावून सांगायला हवं. आमच्यात किती मासळी मिळाली ते तोंडाने सांगत नाहीत. होडीत पाय ठेवायला जागा नसेल इतकी मिळालेली असो, बांधावर कुणी विचारलं तर उत्तर ठरलेलं, “कुठं काय, पाणी भेटलं.” विचारणाऱ्यालाही हेच उत्तर हवं असतं. खरं सांगणारा माणूस वेडा तरी असतो किंवा माजलेला. मासळी बोलून दाखवली की ती ऐकते आणि जाते. मी सात वर्षांचा असताना एकदा गावात ओरडत गेलो होतो, “आमच्या बाबाला मोठा जिताडा भेटला!” बाबा मला काही बोलला नाही. आठ दिवस होडीत घेतलं नाही, बस. ते आठ दिवस मी बांधावर बसून काढले आणि तेवढ्यात शिकायचं ते शिकलो. शाळेतल्या तीन वर्षांत तेवढं शिकलो नव्हतो.

तर चाळीसही घरांनी प्रज्ञाला तेच सांगितलं. कुणी ठरवलं नव्हतं. शेजारी जाळं लावणारा माझा लहानपणचा दोस्त पांडू, तो तर एक पायरी पुढे गेला. “आमचा धंदा बसला, बाय. मी तं आथा रिक्षा शिकतंय.” पांडू जन्मात रिक्षात मागेसुद्धा नीट बसला नव्हता. तो हे बोलत होता तेव्हा त्याच्या बायकोने दाराआड कोलंबीच्या टोपावर पदर टाकला होता. प्रज्ञाने लिहिलं, एक जण व्यवसाय सोडून रिक्षा चालवणार. संध्याकाळी बांधावर पांडूने ते सांगितलं आणि आम्ही पोट धरून हसलो. शिकलेल्या माणसाला गंडवलं, याचा आनंद वेगळाच असतो.

ती मात्र येत राहिली. दर सोमवारी, अकराला. काचेच्या बाटल्यांमध्ये पाणी भरायची, त्यात एक यंत्र बुडवायची, पेनासारखं, आणि आकडा लिहायची. मला राहवेना.

“काय बघतेस?”

“क्षार. पाण्यात मीठ किती आहे ते.”

मी वाकून ओंजळीत पाणी घेतलं, जिभेवर ठेवलं, थुंकलो. “परवा ह्याच्याहून जास्त होतं. उद्या अजून कमी होणार.”

“कशावरून?”

“जिभेवरून.”

ती हसली नाही, ते मला आवडलं. तिने दुसरी बाटली काढली, मोठ्या खाडीच्या तोंडाशी भरलेली. “आणि हे?” मी चाखलं. मग तिसरी. कुठलं पाणी कुठल्या जागेचं हे मी क्रमाने सांगितलं. तिचं यंत्र आणि माझी जीभ एकच बोलत होती. मला आकडा ठाऊक नव्हता एवढंच. तिने चौथी बाटली पुढे केली. मी चाखली आणि चक्रावलो.

“ही खाडीची न्हाय.”

“नळाची आहे,” ती म्हणाली. “त्यात घरचं मीठ टाकलंय. बघत होते.”

त्या दिवशी मी ठरवलं, ही पोरगी साधी नाही.

मग मी तिला विचारलं, सोमवारी अकरालाच का? ती म्हणाली, तेव्हा तिला सुट्टी असते. मी म्हणालो, तुझी सुट्टी खाडीला ठाऊक न्हाय. आमचं घड्याळ तिथीचं. तिसरीपर्यंतच्या शाळेतली पाऊणकी तेवढी माझ्या डोक्यात राहिली, कारण तीच उपयोगाची. तिथीला पाऊणपट केलं की भरतीची वेळ निघते. अष्टमी असेल तर आठाला पाऊणपट सहा, सहाला भरती. बारसेला नवाला. त्यामुळे एका सोमवारी अकराला फाटा तुडुंब असतो आणि पुढच्या सोमवारी त्याच वेळी तिथे कुत्री फिरतात. प्रज्ञाने फाईल उघडली, मागचे सगळे सोमवार काढले, पंचांग मागितलं आणि तिथेच चिखलात बसून पाऊणपटी करू लागली. तिचं तोंड उतरत गेलं.

“म्हणजे मी दर वेळी वेगळीच खाडी मोजली.”

“व्हय.”

“तुम्ही आधी का नाही सांगितलं?”

“तू विचारलंस कधी? तुझ्या फॉर्मात तिथी कुठं हाय?”

हे मी तोऱ्यात म्हणालो खरा. पण मासळीचं खोटं मनात होतंच, म्हणून मी लगेच जाळ्याकडे वळलो.

संक्रांत झाली आणि ती एका रविवारी पुन्हा आली, बाटल्यांशिवाय. देवळाच्या ओट्यावर सगळ्यांना बोलावलं. म्हणाली, अहवालाचा कच्चा मसुदा झालाय, पाठवायच्या आधी तुम्हाला वाचून दाखवते. याआधी आमच्याकडे शिरगणतीवाले आले होते, मतदारयादीवाले आले होते, एकदा तर चिखलातले किडे गोळा करणारे दोघे जण आले होते. घेऊन गेलेलं परत आणून वाचून दाखवणारं कुणी आम्ही पाहिलं नव्हतं. सगळं गाव जमलं, तमाशाला जमावं तसं.

ती वाचू लागली. फाट्यात मासळी जवळजवळ संपली आहे. चाळीस कुटुंबांपैकी एकाचंही पोट आज मासेमारीवर नाही. तरुण मंडळी रिक्षासारख्या व्यवसायांकडे वळली आहेत. हे आलं आणि हशा पिकला. पांडूने उठून हँडल फिरवल्यासारखं केलं.

प्रज्ञा थांबली. आमच्या तोंडांकडे बघत राहिली. कशाला हसतायत हे तिला कळेना.

मी विचारलं, “हा कागद जाणार कुठं?”

“भरावाची परवानगी ज्या कार्यालयातून मिळते तिथे. त्यांनीच विद्यापीठाला विचारलंय, फाट्यात मासळी आहे का आणि तिच्यावर कुणी जगतं का. नसेल तर भराव टाकायला हरकत नाही.”

हसू थांबलं. मागे माझी बायको हिरा बसली होती, तिच्या बांगड्या तेवढ्या वाजल्या.

“मग सांग ना काशिनाथ,” पांडू हळूच म्हणाला.

“तू सांग. तू रिक्षावाला.”

कुणी सांगेना. सांगावं तर मासळी जाणार, न सांगावं तर फाटाच जाणार. चाळीस घरं मान खाली घालून बसली. शेवटी मीच म्हणालो, “ह्यात जे लिवलंय ते बरोबर न्हाय.”

“मग बरोबर काय आहे?”

मी पांडूकडे बघितलं.

तेव्हा ती चिडली. पहिल्यांदाच. “काका, पहिल्या दिवशी तुम्ही मला आडनाव विचारलंत. मी सांगितलं. मी तुम्हाला मासे विचारले, ते तुम्ही नाही सांगितलेत.”

ओट्यावर शेवंतीचा हार सुकलेला पडला होता, तो मी उगाच नीट करत बसलो.

मग ती आवाज खाली आणून म्हणाली, आमच्या गावीसुद्धा लोक यायचे. तिच्या आजीला पाणी कुठून आणता, काय खाता, कुठे बसता, सगळं विचारून लिहून न्यायचे. आजी वाट बघायची, आता काहीतरी होईल. कुणी परत आलं नाही, काय लिहिलं तेही कळलं नाही. “म्हणून मी परत आले. तुम्ही हसलात.”

ती निघून गेली. जाताना मसुदा घेऊन गेली नाही, ओट्यावर ठेवून गेली. त्यावर वाऱ्याने उडू नये म्हणून कुणीतरी नारळ ठेवला.

मी घरी येऊन जेवलो नाही. हट्टी माणसाला आपली चूक कळते तेव्हा त्याला आधी राग येतो, तोही समोरच्याचा. मी प्रज्ञावर रागावलो, विद्यापीठावर रागावलो, कागदावर रागावलो. हिरा कालवं फोडत बसली होती. ती मान वर न करता म्हणाली, “तोंडानं सांगू नका. दाखवायला कोन नको बोललंय?”

ही युक्ती माझी, असं मी तीस वर्षं गावात सांगत आलोय. ती हिराची होती.

दुसऱ्या दिवशी मी प्रज्ञाचं घर शोधत भाईंदर पूर्वेला गेलो. तिसरा मजला. दारावर बाबासाहेबांचा फोटो आणि खाली चपला ओळीत लावलेल्या. तिच्या आईने पाणी दिलं, मग चहा दिला, मग मला आडनाव न विचारता म्हणाली, “पोरगी काल रडली.” मी चहा संपवला. प्रज्ञा बाहेर आली तेव्हा तिला एवढंच म्हणालो, “चौदसेला साडेदहाची भरती हाय. सातला धक्क्यावर ये. मी काय बोलनार न्हाय. तू बघ.”

ती आली. तिचा होडीतला पहिला दिवस मला अजून दिसतो. थंडीने ओठ निळे पडलेले, वही प्लास्टिकच्या पिशवीत, आणि पाण्यावरून धूर उठावा तसं धुकं. दूर पुलावरून गाडी गेली की तिचा आवाज होडीच्या लाकडातून आपल्या मांडीत येतो. मी बांबू पाण्यात उभा धरला आणि वरचं टोक कानाला लावलं. ती बघतेय म्हणून तिच्याकडे दिला. तिने कान लावला. आधी काही नाही. मग तिचे डोळे मोठे झाले.

“कोण घोरतंय?”

“शिंगाळा. मासाच हाय. खाली थवा हाय.”

ती बराच वेळ ऐकत राहिली. मी पाग टाकला. गोल जाळं पाण्यावर उघडलं, बुडालं, ओढलं. मी तोंडातून शब्द काढला नाही. तिने मोजलं, वजन केलं, लिहिलं. मी दुसरीकडे बघत होतो, म्हणजे मासळीला वाटावं की हे माझ्या संमतीने चाललेलं नाही. असा वेडेपणा. पण तो वेडेपणा सांभाळला म्हणूनच तो हिवाळा घडला.

त्यानंतर चाळीसही घरांनी तेच केलं. कुणी सांगत नव्हतं, सगळे दाखवत होते. प्रज्ञा तिथीप्रमाणे येऊ लागली, सोमवार सुटला. एक दिवस हिराने तिला धक्क्यावर अडवलं. “मासं कुठं ते ह्यांना ठाऊक. चिंबोरी कुठं, कालवं कुठं, ते मना विचार. तुझ्या कागदात बायका हायेत का न्हाय?” नव्हत्याच. फॉर्ममध्ये कुटुंबप्रमुख होता, आणि कुटुंबप्रमुख म्हणजे मिशी. त्या आठवड्यात बायकांनी प्रज्ञाला तिवरांमध्ये नेलं. संध्याकाळी ती परत आली तेव्हा चिंबोरीने तिचं बोट धरलं होतं म्हणून ते सुजलेलं, आणि ती एखादं बक्षीस दाखवावं तसं ते सगळ्यांना दाखवत होती.

मग मी माझी अट घातली. “मी सतरा न्हाय. काशिनाथ लिव. हिचं हिराबाई लिव. आन् जे लिवशील ते मराठीत आमच्याकडं पायजे, देवळात.” ती म्हणाली, सरांना विचारते.

तिचे सर फाल्गुनात आले. चकचकीत बूट, बांधावर तोल सांभाळत. त्यांचं म्हणणं, पहिलं उत्तर तेच खरं उत्तर, लोक नंतर आपल्या सोयीने बदलतात. पुन्हा पहिल्यापासून करायचं तर प्रज्ञाची पदवी एक वर्ष लांबणार होती. ते तिच्यासमोरच म्हणाले. ती म्हणाली, “लांबू दे, सर.” मी काही न बोलता त्यांच्यासमोर पाण्याची ओंजळ धरली. भला माणूस, त्यांनी खरंच चाखलं. दहा मिनिटं थुंकत होते. मग जाताना मला विचारतात कसे, “पण जास्त खारं आणि कमी खारं, हे तुम्हाला जिभेच्या कुठल्या भागावर कळतं?” त्या प्रश्नानंतर माझा त्यांच्यावरचा राग गेला. माणसाला एखादी गोष्ट खरोखर जाणून घ्यायची असली की त्याचे बूट दिसेनासे होतात.

पुढच्या हिवाळ्यात अहवाल पुरा झाला आणि आम्हाला त्या कार्यालयात बोलावलं. मोठी खोली, वर पंखे, थंडीतही चालू. टेबलापलीकडे साहेब. त्यांच्यासमोर दोन कागद, प्रज्ञाचा पहिला मसुदा आणि हा नवा. पहिला त्यांच्यापर्यंत कसा गेला, देव जाणे.

“काशिनाथ कोण?”

मी उभा राहिलो.

“यात तुम्ही म्हणता मासळी नाही. त्यात म्हणता भरपूर आहे. खोटं कधी बोललात?”

“पहिल्यांदा.”

“का?”

“आमच्यात मासळी तोंडानं सांगत न्हाईत, साहेब.”

खोलीत कुणीतरी हसलं. साहेब हसले नाहीत, पण त्यांनी खुर्चीला पाठ टेकली. “मग आज कशी सांगणार? सांगा. माझ्यासमोर, तोंडाने. नाहीतर मी हा नवा कागद कशावर मानू?”

प्रज्ञा काहीतरी बोलायला उठत होती, होडीत मोजलेलं सगळं कागदात होतंच. पण साहेब माझ्याकडे बघत होते. मागे पांडू, मागे हिरा, मागे सगळं गाव. मला सात वर्षांचा मी दिसलो, बांधावर आठ दिवस. बाबा जाऊन तेव्हा वीस वर्षं झाली होती, पण तोही दिसला.

मी बोललो.

आकडे नाही बोललो, नावं बोललो. कुठल्या महिन्यात काय येतं, कुठल्या पाण्यात, कुठल्या वळणावर. बोय कधी उड्या मारते. निवटी ओहोटीला कुठे बाहेर पडते. जिताडा कुठल्या तिवराखाली उभा राहतो. अंड्यांवरची कोलंबी आत शिरते ती नेमकी त्याच तोंडातून, जिथे डंपर उभे होते. एकदा सुरू झालो तो थांबेना. आयुष्यभर गिळलेलं एकदम वर आलं. मधेच मागून हिरा म्हणाली, “आन् चिंबोरी?” मी म्हणालो, “ते तूच सांग.” ती उठली आणि सांगू लागली, पदर खोचून, बाजारात बसल्यासारखी. साहेबांनी शिपायाला पंखा बंद करायला सांगितला. नीट ऐकू यावं म्हणून.

डंपर पुन्हा आले नाहीत. आमच्या बोलण्याने आले नाहीत की त्यांचं दुसरीकडेच काही अडलं, हे मला आजवर कळलेलं नाही. फाट्याचं तोंड उघडं राहिलं, एवढं खरं.

आणि हेही खरं की त्याच्या पुढच्या हिवाळ्यात मासळी कमी झाली. पांडू जाळं उचलायचा आणि माझ्याकडे बघायचा. एकदा म्हणाला, “बोललास ना.” प्रज्ञाने कारणं काढली. कारखान्यांचं पाणी, गटारं, वरून येणारा गाळ, इमारतींसाठी खाडीतून उपसलेली रेती. तिने माझ्यासमोर बाटल्या मांडल्या आणि मी जिभेवर ठेवून बघितलं. बरोबरच होतं, पाण्याला साबणाची चव होती. ती सगळी कारणं मला पटतात. त्यांच्या तळाशी मात्र एक कारण मी तसंच ठेवलंय. ते ना तिच्या यंत्राने सिद्ध होतं, ना पुसलं जातं. मासळीला कान असतात का? बांबूला कान लावला तर तिचा आवाज आपल्याला येतो. मग आपला आवाज तिला येत नसेल कशावरून? हे मी प्रज्ञाला विचारलं होतं. तिने ते लिहून घेतलं. ती पुढे डॉक्टर झाली, पुस्तकांची डॉक्टर, आता दुसऱ्यांना शिकवते. त्या प्रश्नाचं उत्तर तिने अजून पाठवलेलं नाही.

देवळात अहवालाची मराठी प्रत आहे, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली. पहिल्या पानावर चाळीस घरांची नावं, बायकांसकट. सरांचं नाव त्यांच्या खाली. आणि दुसऱ्या पानावर प्रज्ञाने पुढे येणाऱ्यांसाठी एक सूचना लिहिली आहे. या गावात मासळी तोंडाने सांगत नाहीत, सोबत जाऊन बघावी.

तर आठ दिवसांपूर्वी ती मोबाइलवाली पोरगी ओट्यापाशी आली. “आजोबा, मी प्रज्ञा मॅडमची विद्यार्थिनी. फाट्यात हल्ली किती मासळी मिळते?”

“कुठं काय,” मी म्हणालो. “पाणी भेटतंय.”

आणि बोलल्यावर माझं मलाच काहीतरी लागलं. कारण जन्मभर बोललेलं हे वाक्य यंदा अक्षरशः खरं होतं. दिवाळीपासून चार वेळा पाग टाकला आणि चारही वेळा नुसतं पाणी निथळलं.

पोरगी हसली. “मॅडम म्हणाल्याच होत्या, तुम्ही हेच सांगाल. आणि त्यावर मुळीच विश्वास ठेवायचा नाही.” तिने बूट काढले, मोजे काढून बुटात कोंबले आणि पँट गुडघ्यापर्यंत वर केली.

तिला सांगता आलं असतं की बाई, या खेपेला खरं आहे. पण तिच्या तोंडावर अशी खात्री होती की मलाच शंका आली. कोण जाणे, हिला दिसेलही. मी खुंटीवरचा पाग काढला.

“आवो, गुडघा!” आतून हिरा ओरडली.

“हाय अजून,” मी म्हणालो.

आम्ही बांधावरून गेलो. एका बाजूला इमारतींच्या खिडक्या, एका बाजूला तिवरं. मी वाकून पाणी जिभेवर ठेवलं. साबण होताच, पण त्याच्या मागून, फार मागून, जुनं मीठही लागलं. दशमी होती, साडेसातची भरती आत्ताच वळलेली. मी पाग टाकला. तो पूर्वीसारखा गोल उघडला नाही, हात थरथरतात आता. जाळं तळाला बसू दिलं. मग दोरी ओढू लागलो आणि बोटांना काहीतरी लागलं. झटका म्हणावा इतकं मोठं नव्हतं. ओहोटीची ओढ असेल, प्लास्टिक असेल, काहीही असेल.

“काय आहे, आजोबा?” पोरीने विचारलं.

मी तोंडातून शब्द काढला नाही. दोरी तिच्या हातात दिली आणि तिच्यासारखाच वाकून बघत राहिलो.